पुंगळी काढलेली बुलेट आणि कलम १९०

एप्रिल महिना जवळ आला की नांदेड आणि लातूरच्या गॅरेजांत एक वेगळेच काम वाढते. ऑईल बदलणे, क्लच प्लेट टाकणे ही नेहमीची कामे मागे पडतात आणि पोरं बुलेट, पल्सर, कुठून तरी मिळवलेली जुनी आरएक्स घेऊन एकाच मागणीसाठी रांग लावतात. सायलेन्सर मोकळा करून द्या! कोणी कंपनीचा सायलेन्सर उतरवून बाजारातला चकचकीत पाईप बसवतो. कोणी आहे त्याच सायलेन्सरचे बूड ग्राइंडरने कापून आतली पुंगळी काढून घेतो. ज्याच्या खिशात गॅरेजवाल्याला द्यायला पैसे नाहीत तो घरच्या अंगणातच पाने घेऊन बसतो. हे सारे कशासाठी, तर १४ एप्रिलच्या रॅलीसाठी.

चळवळीच्या दैनिकात सायलेन्सरवर काय लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती हे विषय संपले काय? संपले नाहीत. तथापि जयंती झाल्यानंतरच्या पंधरवड्यात आमच्याकडे जी पोरं कागद घेऊन येतात, त्यांच्या कागदांवर अत्याचाराचे कलम नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम १९० पोटकलम २ असते. गाडी बहुधा बापाच्या नावावर असते आणि बाप कुठे तरी रोजंदारीवर किंवा चतुर्थश्रेणी नोकरीत असतो. म्हणून हा विषय आमच्या दृष्टीने आपलाच आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. कारण आमचा अनुभव असा की, ही पोरं पाना चालवण्यात तरबेज असतात, पण सायलेन्सरच्या आत काय आहे आणि ते का आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचा तापलेला वायू एकेका ठोक्याने बाहेर फेकला जातो. तो तसाच मोकळ्या हवेत सोडला तर प्रत्येक ठोका बंदुकीच्या बारासारखा ऐकू येईल. सायलेन्सरच्या आत पडदे, भोके पाडलेल्या नळ्या आणि काही सायलेन्सरांत काचेची लोकर असते. वायू या खोलीतून त्या खोलीत जातो, पसरतो, त्याचा जोर मोडतो आणि आवाज खाली येतो. पुंगळी काढली म्हणजे हे सारे काढले. राहिला तो नुसता पत्र्याचा डबा.

गॅरेजमध्ये दोन समजुती ऐकू येतात. एक म्हणते, पाईप मोकळा केला की गाडीची ताकद वाढते. दुसरी म्हणते, इंजिनाला बॅक प्रेशर लागतेच, नाही तर गाडी ओढत नाही. दोन्ही अर्धवट आहेत. इंजिनाला अडथळा नको असतो हे खरे, पण पाईपची लांबी, जाडी आणि आतली रचना इंजिनाच्या ठोक्यांशी जुळवलेली असते. टू-स्ट्रोक गाडीत तर हे फारच खरे आहे. पूर्व जर्मनीतील झ्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने १९५० च्या दशकात पोट फुगलेला, पुढे निमुळता होणारा पाईप असा काही साधला की, बाहेर पडू पाहणारे ताजे मिश्रण आवाजाच्या लाटेनेच पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलले जाऊ लागले. छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघू लागली. १९६१ साली एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला, त्याच्यासोबत ही विद्या जपानच्या सुझुकीकडे पोहोचली आणि दुसऱ्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाची जागतिक स्पर्धा जिंकली. एका पाईपच्या ज्ञानाची ही किंमत होती! आपल्याकडे यामाहा आरएक्स १०० चे वेड अजून गेलेले नाही. तिचा पाईप याच घराण्यातला. त्याची जाळी उपटणारा पोरगा आवाज कमावतो आणि खालच्या वेगातली ओढ गमावतो. १०० सीसीच्या साध्या फोर-स्ट्रोक गाडीला तर मोकळ्या पाईपने सांगण्यासारखी ताकद मिळतच नाही. वाढतो तो फक्त आवाज, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळते असे कानाला वाटते, एवढेच.

आता घरी बसून पाईप बदलणाऱ्यांविषयी. हे काम कठीण नाही, आम्ही उगाच भीती घालत नाही. गाडी डबल स्टँडवर घ्यायची आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे. पोटरीवर सायलेन्सरचा डाग असलेली पोरं आपल्या वस्तीत शोधावी लागत नाहीत. सिलिंडर हेडला बेंड पाईप धरून ठेवणारे दोन नट वर्षानुवर्षे तापून जाम झालेले असतात. त्यांवर आधी गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे लागते. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, जोर करून पाना फिरवला की स्टड तरी तुटतो किंवा हेडमधले आटे तरी जातात, आणि मग जुगाड करून वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च हेडवर होतो. जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये, नवीन टाकावे. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. सायलेन्सरचा मागचा हँगर आधी सैल ठेवून, पाईप आपोआप जागेवर बसला की शेवटी आवळावा, नाही तर पाईप ताणात राहतो आणि कंपनाने वेल्डिंगला तडा जातो. जोडातून वायू गळत असेल तर गाडी उतारावर फटफट करते. बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन चालू करून कधीच तपासू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो माणूस मारतो.

हे झाले बसवणे. त्यानंतरचे कोणी सांगत नाही. कार्बोरेटरच्या गाडीला मोकळा पाईप आणि सोबत मोकळा एअर फिल्टर लावला की हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी स्थिती होते. इंजिन तापते, बेंड पाईप निळा पडतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो. जेट बदलून मिश्रण जुळवावे लागते, ते अंगणात होत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांचे तर गणितच निराळे. त्यांच्या पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो आणि प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा मुलामा दिलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. विषारी वायू निरुपद्रवी करण्याचे काम ती करते. आमची पोरं ती कचरा म्हणून भंगारात टाकतात, आणि तिची खरी किंमत त्यांना सोडून बाकी बाजाराला ठाऊक असते.

आणि ते फटाके! चालत्या बुलेटची चावी बंद-चालू केली की न जळालेले पेट्रोल तापलेल्या पाईपमध्ये जाते आणि तिथे पेटते. त्याचा तो बार. यात कौशल्य काहीच नाही. न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळू लागले की ती जाळी वितळते. सायलेन्सरच्या सांध्यांची वाट लागते ती वेगळीच.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० सांगतो की, प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारे साधन असलेच पाहिजे आणि वाहनाची बांधणी व देखभाल आवाजाच्या ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे राहिली पाहिजे. देखभाल हा शब्द महत्त्वाचा आहे. म्हणजे जबाबदारी कारखान्यातून गाडी बाहेर पडली की संपत नाही, ती मालकाकडे येते. ही मानके पर्यावरण संरक्षण नियमांच्या अनुसूचीत आहेत. ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावरच्या गाडीला ८०. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्यामुळे ८० च्या जागी ९० म्हणजे थोडेसे जास्त, असे कोणी समजू नये.

हे मानक मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी जो चालवतो, किंवा जो चालवू देतो, त्याला कलम १९० (२) लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय ३ महिने लायसन्स धारण करण्यास अपात्रता. दुसऱ्या वेळी कैद ६ महिन्यांपर्यंत जाते. पोरं दंडाचा आकडा विचारतात, आम्ही त्यांना लायसन्सचे विचारतो. जो रिक्षा चालवतो, जो कंपनीचे पार्सल पोहोचवतो, त्याच्यासाठी ३ महिने लायसन्स नसणे म्हणजे ३ महिने चूल बंद. आणि 'चालवू देतो' या दोन शब्दांत बाप येतो. पोरगा १८ वर्षांखालील असेल तर कलम १९९-अ आणखी कडक आहे. पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. रॅलीत पुढे बुलेटवर बसवलेली दहावीतली पोरं आपण सर्वांनी पाहिली आहेत.

सायलेन्सर बदलणे हाच गुन्हा की त्यातून निघणारा आवाज हा गुन्हा, असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल करायला मनाई करते, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही असे स्पष्ट केले. कलम १८२-अ (४) नुसार अशा प्रत्येक बदलाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार दंड आहे. परंतु त्याच कलम ५२ मध्ये बदल म्हणजे वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे स्पष्टीकरण आहे. मर्यादेत आवाज ठेवणारा दुसरा सायलेन्सर त्यात बसतो काय, यावर वकिलाला बोलायला जागा आहे. पुंगळी काढलेल्या सायलेन्सरसाठी अशी काही जागा नाही, तेथे कलम १९० सरळ उभे राहते. वायू सायलेन्सरला वळसा घालून बाहेर सोडणारा कट-आऊट लावला असेल तर कलम १९४-फ वेगळेच, पहिल्यांदा १ हजार आणि पुढे २ हजार.

आता दुसरी बाजू, कारण आम्ही फक्त पोरांना झोडपायला बसलेलो नाही. चौकात अडवणाऱ्याच्या हातात आवाज मोजण्याचे यंत्र क्वचितच असते. कानाने ऐकून चलन फाटते. न्यायालयात हा मुद्दा घेता येतो. कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवण्याचे अधिकार आहेत ते विना लायसन्स, विना नोंदणी, विना परवाना अशा ठरावीक कारणांसाठी. आवाजासाठी कलम २०६ खाली लायसन्स जप्त करता येते, त्याची पोचपावती द्यावी लागते. गाडी ठाण्यात लावून घेतली तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. आवाज चढवू नये, मोबाईलवर चित्रीकरण करताना शिवी देऊ नये, पण लेखी मागावे. पुणे-नागपूरसारख्या शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले गेले, त्याची छायाचित्रे सर्वांनी आवडीने पाहिली. आमच्या मते न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नागरिकाची वस्तू रस्त्यावर चिरडणे ही शिक्षा आहे, आणि शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसांना नाही. पंचनामा मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जप्त वस्तू परत मागण्याचा अर्ज करता येतो.

आणखी एक बारीक गोष्ट. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरले की त्या गुन्ह्याबाबत पुढील कारवाई होत नाही. न्यायालयात उभे राहून गुन्हा कबूल करून दंड भरणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, ती दोषसिद्धी आहे. पोलीस भरतीच्या, रेल्वेच्या फॉर्मवर जो रकाना असतो तो तिथे जाऊन टोचतो. लोकअदालतीची नोटीस आली की ती फाडून फेकू नका, घेऊन या.

विकणाऱ्याचे काय? शहराच्या मुख्य रस्त्यावर काचेच्या कपाटात हे पाईप टांगलेले असतात, ऑनलाईन मागवले की घरपोच येतात. अनेकांवर बारीक अक्षरांत फक्त शर्यतीच्या मैदानासाठी असे छापलेले असते. नांदेडला शर्यतीचे मैदान कुठे आहे? लातूरला कुठे आहे? दुकानदाराला ठाऊक आहे की, हा पाईप वजिराबादच्या किंवा अंबाजोगाई रोडच्या रहदारीत वाजणार आहे. तरी चलन फाटते ते एमएच २६ आणि एमएच २४ च्या पोराचे. साखळीतला सर्वात गरीब माणूस कायद्याच्या हाती लागतो आणि बाकी सारे पावती फाडून मोकळे होतात, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही.

आमचे हे बोलणे ऐकून एका पोराने विचारले होते, "साहेब, त्यांच्या मिरवणुकीत चालतं, मग आपल्यालाच का सांगता?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. वाहन आणि आवाज या दोन्ही गोष्टी आपल्या समाजाला सुखासुखी मिळालेल्या नाहीत. १९०१ साली गोरेगावला जाताना मसूरच्या स्टेशनवर लहानग्या भीमरावाला आणि भावंडांना बैलगाडी मिळेना, दुप्पट भाडे देऊन त्यांना गाडी स्वतः हाकावी लागली. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बॅरिस्टर आंबेडकरांचा टांगा हाकायला नकार दिला, नवख्या माणसाने हाकला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्यावर बुलेट चालवतो म्हणून हल्ला झाला, हातांवर वार झाले, अशी त्याच्या कुटुंबाची तक्रार आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा जीव गेला. आणि नांदेडपासून हाकेच्या अंतरावरील बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी, गावात जयंती काढल्याचा राग मनात धरून वरातीतल्या लोकांनी आपल्या एका तरुणाला ठार केले, असा गुन्हा नोंदला गेला.

म्हणून बुलेट घ्या, रॅलीत चालवा, निळा झेंडा लावा. गाडीवर ताठ बसण्याचा हक्क कोणाकडून मागून घेतलेला नाही. आमचे म्हणणे फक्त त्या कापलेल्या पाईपपुरते आहे. ज्यांच्यावर टपून बसलेले डोळे आहेत त्यांनी त्या डोळ्यांना कलम १९० चे आयते हत्यार का द्यावे? त्यांच्या मिरवणुकीतल्या फटाक्यांवर चलन फाटत नसेल तर त्याची तक्रार लेखी करावी, ध्वनिप्रदूषण नियम २००० खाली करावी. आम्ही अर्ज लिहून देऊ, पैसे घेणार नाही.

आणि हा आवाज जातो कुठे, तेही पाहावे. प्रस्थापितांच्या कॉलनीत गच्चीपर्यंत काचेच्या खिडक्या आहेत. रॅली संपल्यावर त्याच गाड्या रात्री फिरतात त्या आपल्याच वस्तीच्या बोळांतून, जिथे पत्र्याच्या घराला एकच खिडकी आहे आणि तिच्याखाली पोरगी अभ्यास करते. लातूरच्या ट्यूशन एरियात मराठवाड्यातील कानाकोपऱ्यातून आलेली आपली मुले एका खोलीत चार-चार राहतात. अलीकडच्या वर्षांत नीटची परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात झाली आहे, म्हणजे जयंतीनंतर तीनच आठवड्यांत. एकीकडे वाचनालयात सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम ठेवायचा, फ्लेक्स लावायचा, आणि बाहेर बुलेटचे बार काढायचे, हे कसे जुळते? नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर होते आणि तिथे ती ५० व ४० वर येते. १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या खंडपीठाने सांगितले की, शांततेत जगणे हा अनुच्छेद २१ चा भाग आहे आणि नको त्या माणसाच्या कानावर आवाज लादण्याचा हक्क अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येत नाही. त्या खटल्याच्या मुळाशी दिल्लीतील एक घटना होती. लाऊडस्पीकरच्या गोंगाटात एका अत्याचारित मुलीच्या किंकाळ्या कोणाला ऐकूच गेल्या नव्हत्या.

ज्यांनी पाईप आधीच बदलला आहे त्यांच्यासाठी. कंपनीचा मूळ सायलेन्सर भंगारात दिला नसेल तर तो माळ्यावरून काढा, नवीन पॅकिंग आणा आणि जयंतीच्या आधी बसवून घ्या. बूड कापून पुंगळी काढली असेल तर ती परत वेल्ड करून बसत नाही, आतल्या खोल्यांचे अंतर चुकते. तसल्या सायलेन्सरसाठी मूळ भागच विकत घ्यावा लागेल, आणि बीएस-६ गाडीत तो स्वस्त नाही. पाच-सहा जणांनी मिळून एका गॅरेजवाल्याशी बोलावे, मजुरी कमी पडते. चलन आलेले असेल तर ते, आरसीची प्रत आणि लायसन्स घेऊन रविवारी सकाळी दहाच्या आत यावे. दहानंतर आम्ही विहारात असतो.